बोरखडीच्या झुंबरा

बोरखडीत त्या दुष्काळाच्या वर्षी कुणाला नुसतं "ए झुंबरे!" म्हणून हाक मारायची सोय राहिली नव्हती. हाक एक जायची आणि आठ-नऊ पोरी एकदम "ओ" द्यायच्या. पाझर तलावाच्या कामावर बायका खडी फोडायला बसल्या की त्यांची बारकी पोरं मुरमाच्या ढिगावर खेळायची, आणि त्यातल्या निम्म्या झुंबरा. एखादीनं पोरीचं नाक पुसायला म्हणून "झुंबरे, हिकडं ये" म्हणावं, तर भलतीच झुंबर नाक पुढं करून उभी! शेवटी बायकांनी आपापल्या खुणा लावून घेतल्या. लंकाची झुंबर, वरच्या आळीची झुंबर, तोतरी झुंबर, चपट्या नाकाची झुंबर. चपट्या नाकाच्या झुंबरेची आई यावरून रोज भांडायची, पण कुणी ऐकेल तर शपथ.

या सगळ्या पोरींना जिच्यावरून नाव मिळालं ती श्रीमंतची बायको, झुंबरबाई. तिशी ओलांडलेली, अंगानं काटक, बोलायला कमी. तिचं नाव तिच्या बापानं ठेवलं होतं, तेही नवल वाटलं म्हणून. जमिनीच्या दाव्यापायी तो नगरला गेला होता, तिथं वकिलाच्या माडीवर त्यानं काचेचं झुंबर टांगलेलं बघितलं. डोक्यावर एवढी मोठी शोभा आणि खालची माणसं मान वर करून बघतसुद्धा नाहीत, हे त्याला काही केल्या पटेना. घरी आला तर बायको बाळंत झालेली, मुलगी झालेली. "हिचं नाव झुंबर," म्हणाला. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून त्याची बहीण वर्षभर रुसून बसली, पण गडी हटला नाही. पुढं लग्नात सासरचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा सासू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हेच. आपल्या गावात दुसरी झुंबर न्हाई, हाक मारायला बरं." आता बघा, काय बोलून गेली ती माउली!

झुंबरबाईला पाच लेकरं आणि पाचही धडधाकट. आज याचं कुणाला काही वाटायचं नाही. पण पाथर्डीच्या पूर्वेकडच्या त्या खडकाळ मुलखात, जिथं डॉक्टर गाठायचा म्हणजे बैलगाडीत अर्धा दिवस जायचा, तिथं घरटी एखाद-दुसरं लेकरू मातीआड झालेलंच असायचं. पाच झाली आणि पाच राहिली, अशी बाई बोरखडीत एकच. हे पहिल्यांदा बोलून दाखवलं गोजरबाईनं. गोजरबाई गावची सुईण. हात हलका, शब्द जड. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली, त्यामुळं तिनं काही म्हटलं की ते व्हायचंच.

शेजारच्या लंकाबाईचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. तिसऱ्या वेळी मुलगी झाली, तीही एवढीशी, काडीसारखी. लंका भिंतीकडं तोंड करून पडलेली. गोजरबाई बाळ धूत धूत म्हणाली, "आगं, शेजारी एवढी भाग्याची बाई हाय आन तू रडतीस काय? ठेव हिचं नाव झुंबर. जिच्या कुशीतलं एकबी मातीला गेलं न्हाई, तिच्या नावाला मरान भितं." लंका आणि झुंबरबाई एका चुलीवर चहा उकळणाऱ्या मैत्रिणी. नाव ठेवलं. पोरगी जगली, चांगली बाळसं धरून धावायला लागली.

झालं! मग काय विचारता. जिचं एखादं गेलेलं, ती दिवस राहिले की झुंबरबाईच्या दारी. गोजरबाईनं त्याचा रिवाजच करून टाकला. बारशाला झुंबरबाईनं यायचं, बाळ आपल्या पदरात घ्यायचं, मुठीत ज्वारी धरायची आणि सगळ्या बायकांच्या देखत म्हणायचं, "मपल्या कुशीतलं एकबी मातीला गेलं न्हाई. तुपल्याबी कुशीतलं जाऊ नये." मग मूठ बाळाच्या आईच्या ओटीत सोडायची, आणि त्यानंतर आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करायचं. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरही हे लोण पोचलं. श्रीमंत बैल घेऊन घोडेगावच्या बाजाराला गेला, तर तिथं एका अनोळखी माणसानं त्याला विचारलं, "तुमी त्या झुंबरबाईचे मालक का वो? आमच्या भाचीचं नाव ठेवलंय तुमच्या मंडळींचं." श्रीमंतनं नुसती मान हलवली आणि बैलाच्या शेपटीकडं बघत राहिला.

कारण ते खोटं होतं. आणि हे खोटं असल्याचं जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक तो आणि एक झुंबरबाई.

थोरला मुलगा दोन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. दिवाळी झाली की गाव ऊसतोडीला निघायचं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको नसली तर एकट्या गड्याला मुकादम दारात उभं करत नाही. झुंबरबाईला तेव्हा चौथा महिना सरत आला होता, पण पोट अजून दिसत नव्हतं. सासू खमकी. तिला कळलं असतं तर तिनं सुनेला उंबरा ओलांडू दिला नसता, आणि मग घरात खायला काय होतं? म्हणून दोघांनी मिळून तिला सांगितलंच नाही. त्या वर्षी टोळीही परक्या गावच्या माणसांची मिळाली, बोरखडीचं तिसरं माणूस नव्हतं. श्रीरामपूरकडच्या उसात, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, दिवस भरायच्या आधीच तिला मुलगी झाली. डोक्यावर भरपूर जावळ, आणि रडणं असं बारीक की शेजारच्या कोपीत ऐकू जाऊ नये. पाचवीही पुजायची राहिली. पाचवीच्या आदल्या सकाळीच पोर गार झाली. श्रीमंतनं कॅनॉलच्या बांधाला खड्डा केला. दुसऱ्या दिवशी गाडी भरायची होती, म्हणून झुंबरबाई कोयता घेऊन फडात उतरली. छातीला दूध फुटत होतं, ते तिनं जुन्या धोतराच्या पट्टीनं आवळून बांधलं आणि वर चोळी घातली. ऊस तोडताना पट्टी ओली होऊन पोटावर ओघळ यायचा आणि ती पदरानं पुसायची.

चैत्रात गावी आल्यावर सासू म्हणाली, "लई वाळलीस गं." तर ती म्हणाली, "ऊन फार हुतं." तेवढ्यावर मिटलं. लपवून नेलेलं पोट, त्यातलं लेकरू गेल्यावर कोणत्या तोंडानं सांगायचं? मग आणखी चार लेकरं झाली, जगली. सासू वारली. आणि जे कधी झालंच नाही असं दाखवलं होतं, त्याच्यावर गोजरबाईनं नावाचा एवढा मोठा मांडव घातला. लंकाच्या पोरीच्या वेळी झुंबरबाईला वाटलं होतं, बोलावं. पण लंका तिचा हात धरून अशी बघत होती की जीभ उचलली नाही. एकदा म्हटलं ते म्हटलं. नंतर दर बारशाला ती मुठीतली ज्वारी इतकी आवळायची की हाताला दाण्यांचे वळ उठायचे. बायकांना वाटायचं, बाईच्या अंगात काही येतंय. त्यांची श्रद्धा आणखी वाढायची. काय करावं माणसानं!

आणि मग कामावर गोवर आला.

आधी वरच्या आळीत दोन पोरं तापली, मग लंकाची झुंबर. तळहाताएवढ्या सावलीत दिवसभर खेळणारी ती पोरगी एका संध्याकाळी आईच्या खांद्यावर मान टाकून घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी लंकाच्या दारावर लिंबाचा पाला लागला. पाला लागलेल्या घरात बाहेरच्यानं जायचं नसतं. झुंबरबाई कामावरून येताना लंकाच्या दाराशी भाकरी ठेवायची आणि बाहेरूनच विचारायची, "कसं हाय गं?" आतून लंकाचा आवाज यायचा, "अंग तव्यावानी हाय. डोळं उघडंना." मग थोड्या वेळानं, जरा जोर धरून, "व्हईल बरी. तुपलं नाव हाय तिला."

झुंबरबाई पुढं चालू लागायची. तिला राहून राहून एकच वाटायचं: देव काही आंधळा नाही. एवढ्या पोरींच्या डोक्यावर हात ठेवून आपण खोटं बोललो, ते आता लंकाच्या पोरीवर निघतंय. तुम्ही म्हणाल, कसली ही अडाणी समजूत! म्हणा. पण तिच्या जागी उभं राहून म्हणा.

अशात पुष्पावतीचं बारसं आलं. पुष्पावती म्हणजे खुद्द गोजरबाईची सून. साऱ्या गावाची बाळंतपणं करणाऱ्या गोजरबाईच्या स्वतःच्या घरात दोन नातवंडं गेली होती, आणि ही तिसरी, मुलगी. गोजरबाई स्वतः बोलवायला आली. "परवा ये. गूळ न्हाई, फुटानं न्हाई, त्या रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या घुगऱ्या करीन, पन तू ये." एरवी हुकूम सोडणारी बाई, पण आज तिचा आवाज जरा मऊ होता. झुंबरबाईला ते जास्त भयंकर वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती बाळंतिणीला बघायला गेली. पुष्पावती बाळाला अंगावर घेऊन बसली होती, पण मान वळवून. नजर धान्याच्या कणगीवर. झुंबरबाई म्हणाली, "आगं, बघ तरी तिच्याकडं. केवढी गोड हाय." पुष्पावती तशीच बसून म्हणाली, "न्हाई बगत मी. आजून एकदाबी तोंड बघितलं न्हाई तिचं. बघितलं की जीव लागतो, आन मग जातंय. तुमी उद्या नाव दिलं, म्हनायचं ते म्हनलं, की मग बघीन." एवढं बोलून तिनं पदर बाळाच्या तोंडावर ओढला.

झुंबरबाई घरी आली ती ठरवूनच. श्रीमंत ओट्यावर बसून दावं वळत होता. बैल घोडेगावच्या बाजारात देऊन झाले होते, दारात दावणीला काही नव्हतं, तरी माणूस सवयीनं दावं वळत होता.

"उद्याच्याला मी ते म्हननार न्हाई," ती म्हणाली.

"काय म्हननार न्हाईस?"

"एकबी मातीला गेलं न्हाई, ते. खरं सांगनार हाय."

त्याच्या हातातला पीळ सुटला. "याड लागलं का तुला? लंकीची पोरगी तापानं फणफणलीय. तू उद्या तोंड उघडलंस आन परवा त्या पोरीचं बरंवाईट झालं, तर लोक काय म्हनतील? झुंबरीनं खोटं नाव दिलं म्हनून पोरगी गेली, असं म्हनतील. हिरीवर पानी भरू देनार न्हाईत आपल्याला. आपली पाच लेकरं हायत, त्यांचा इचार कर."

"त्यांचाच करून गप बसले एवढी वर्सं."

"मग आजून बस! गोवर काय तुला इचारून आला व्हय? तू खरं बोललीस म्हनून जानार हाय व्हय तो?"

त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. तरीही ती म्हणाली, "पुष्पावती लेकीचं तोंड बघंना. माझ्या सबुदासाठी थांबलीय. आन माझा सबुद तर असला. तिची जगली तर जगली, पन न्हाई जगली तर? तोंडबी न बघता जाईल ती. मला न्हाई ते सोसायचं." मग म्हणाली, "तुमाला काय, तुमी इसरून गेलात."

श्रीमंत ताडकन उभा राहिला. ती दचकली, वाटलं आता हात उगारतो. पण तो नुसता उभा राहिला. "खड्डा म्या खांदला हुता," तो म्हणाला. "तू कोपीत हुतीस. माती म्या लोटली. मला इसरला म्हनतीस?" आणि दावं तिथंच टाकून तो निघून गेला. इतक्या वर्षांत त्या पोरीबद्दल दोघांत झालेलं हे पहिलंच बोलणं. त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

बारशाला गोजरबाईचं घर बायकांनी भरून गेलं. लंका तेवढी नव्हती. पाळण्याला कुणीतरी आपल्या लुगड्याची फडकी बांधून शोभा आणली होती. मिलोच्या घुगऱ्या शिजल्याचा उग्र वास सुटला होता आणि बायका गोवराबद्दल कुजबुजत होत्या. वरच्या आळीतलं एक पोर काल दगावलं होतं, मुलगा. "झुंबर न्हवता ना तो," एक जण म्हणाली आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. झुंबरबाईनं ते ऐकलं. ती तिथंच खाली बसली.

गोजरबाईनं बाळ तिच्या पदरात दिलं, मुठीत ज्वारी दिली. "म्हन."

 पाळण्याची दोरी धरून आत्या उभी. पुष्पावती कणगीकडं तोंड करून बसलेली, पण कान इकडं. झुंबरबाईनं बाळाकडं बघितलं. जावळ भरपूर होतं.

"म्हन की गं," गोजरबाई म्हणाली. "पोरगी उघडी हाय."

"मला म्हनता येनार न्हाई."

"का? काय झालं?"

"कारन खरं न्हाई ते." आणि मग ती एका दमात सगळं बोलून गेली. कोपी, कॅनॉलचा बांध, सासूपासून लपवलेलं पोट. शेवटी म्हणाली, "मपलीबी एक गेलीय. मपल्या नावात काय बी न्हाई, बायांनो. मी लबाड बोलले. पयल्या डावालाच बोलाय पायजे हुतं."

 मग गोजरबाईनं तिच्या पदरातून बाळ असं हिसकून घेतलं की ते किंचाळलं. "गं भवाने! लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून? माझ्या तोंडानं गावाला सांगत फिरले मी, आन तू गप? माझ्या घरात येऊन आज सांगतीस व्हय?" गोजरबाईच्या डोळ्यांत राग होता, पण त्याच्याहून जास्त भीती होती. दोन नातवंडं तिच्याच हातात जन्मली होती आणि तिच्याच हातून गेली होती. ह्या एका नावाच्या आधारावर तिनं तिसऱ्या खेपेला हात लावला होता.

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. "माझ्या पोरीला काय झालं तर?" "लंकीची पोरगी म्हनूनच पडली." "मला तर आधीच शंका हुती," असंही एक जण म्हणाली, अशी एक सगळीकडं असतेच. झुंबरबाई उठली. दाराशी पोचली तेव्हा मागून पुष्पावतीचा आवाज आला, अगदी हळू. "मावशी, ती जायच्या आधी तुमी तिला घेतली हुती का मांडीवर?"

"खाली ठेवलीच न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "डोळं भरून बघितली. तेवढंच हाय माझ्याजवळ."

पुष्पावतीनं सासूच्या हातून लेकीला घेतलं आणि खाली मान घालून तिच्याकडं बघत राहिली. आत्यानं घाईघाईत "सुमन" असं नाव ठेवून दिलं. पाळणा कुणी म्हटलाच नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलं तर बोरखडीतल्या झुंबरा संपल्या होत्या. एका रात्रीत! मुरमाच्या ढिगाकडं बघून बायका ओरडत होत्या, "ए सुरेखा!", "ए शोभा!", आणि पोरी आपल्या खेळतायत. कुणीच ओ देईना. मग आईनं येऊन पाठीत धपाटा घालायचा, "कवाची हाका मारतीय, बहिरी झालीस का?" पोरगी बापडी रडवेली, तिला कळेना आपलं काय चुकलं. तोतरीला तर स्वतःचं नवं नाव म्हणताच येईना. चपट्या नाकाची तेवढी जरा खूश होती.

झुंबरबाईच्या दोन्ही बाजूच्या बायकांनी आपले दगड उचलून लांब नेले. खडीनं भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, समोरून दुसरीनं हात लावावा लागतो. ती पाटी भरून उभी राहिली आणि कुणी आलं नाही. तिनं दोन-तीनदा इकडंतिकडं बघितलं. मग अर्धी खडी खाली ओतली आणि अर्धी पाटी गुडघ्यावर टेकवत, कण्हत, स्वतःच डोक्यावर चढवली. त्यानंतर ती रोज अर्धी पाटीच न्यायला लागली. लंकाच्या दारावर पाला तसाच होता. आता झुंबरबाई भाकरी ठेवायची आणि काही न विचारता निघून यायची. भाकरी आत जाते की कुत्र्याला जाते, हे बघायलाही ती थांबत नसे. लंकाला सगळं कळलं असणार हे उघड होतं, आणि आतून आवाज येत नव्हता.

अशा एका दिवेलागणीला लंका तिच्या दारात येऊन उभी राहिली. केस पिंजारलेले, डोळे खोल गेलेले. झुंबरबाई चुलीपुढून उठली, तिच्या हातातला पिठाचा गोळा खाली पडला. वाटलं, संपलं. पोरगी गेली.

"ताप उतरलाय," लंका म्हणाली. "उठून बसली. पेज मागितली."

झुंबरबाईनं भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. लंका मात्र आत आली नाही. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "माझी दोन गेली तवा तू माझ्याजवळ बसलीस. दोनी डावाला. माझ्या गळ्यात पडून रडलीस. मला वाटलं, एवढं रडतीय माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच गं."

"आन?"

झुंबरबाईनं खाली पडलेला पिठाचा गोळा उचलला.

"आन तिच्यासाठी," लंका म्हणाली. "माझ्या लेकरांच्या आडून तिच्यासाठी रडत हुतीस. मला सांगायचं न्हाई व्हय? गावाला सांगू नको, गोजरीला सांगू नको, पन मला?" आणि मग तिचा आवाज फाटला. "माझ्या पोरीचं नाव खरं का खोटं, त्याचं मला काय बी न्हाई. पन एकटीनं ठेवलंस गं हे. एवढी वर्सं."

ती आत आली, खाली बसली आणि झुंबरबाईला हाताला धरून तिनं समोर बसवलं. त्या मुलखात बायका रडतात त्याची एक रीत आहे. गळ्यात गळा घालायचा, हेल काढायचा आणि गेलेल्याला नावानं हाक मारून, तो कसा होता, काय खायचा, काय बोलायचा, ते सगळं म्हणत म्हणत रडायचं. तसं रडल्याशिवाय मेलेलं माणूस मेलं असं होतच नाही. लंकानं हात पसरले. "रड आता. मी बसते."

झुंबरबाईनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, तोंड उघडलं, श्वास घेतला. आणि हेल निघेना. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तेच.

"काय म्हनून रडू, लंके?" ती म्हणाली. "तिला नावच न्हाई. नाव ठेवायच्या आधी गेली."

 एक नाव तोंडाशी होतं, दोघींच्याही. पण ते घेऊन रडायचं म्हणजे पलीकडच्या घरात आत्ताच पेज पिऊन बसलेल्या पोरीच्या नावानं रडायचं. झुंबरबाईच मान हलवून म्हणाली, "ते न्हाई. ते जित्या पोरींचं हाय. माझं न्हाई ऱ्हायलं ते."

"मग मपलं घे."

"आं?"

"लंका म्हन तिला."

"आगं, जित्या बाईच्या नावानं रडत्यात का कुटं? अवदसा आठवली का तुला? आत्ता तर पोरगी उठून बसली."

"तू मपल्या पोरीला नाव दिलंस तवा मी कुटं काय इचारलं? आता तू इचारू नको. मपलं नाव आजपतूर कुनी पोरीसाठी घेतलं न्हाई, मातीला गेलेल्या दोघांच्या आईचं नाव कोन घेनार? तुझी पोरगी घेऊ दे." लंकानं तिचं डोकं पुन्हा आपल्या खांद्यावर दाबलं. "रड म्हनलं ना!"

आणि मग तो हेल निघाला. "लंकेऽऽ, माझे बाईऽऽ, केवढं गं तुझं जावळऽऽ..." अंगणात श्रीमंत लाकडं फोडत होता, त्याची कुऱ्हाड तशीच अडकून राहिली आणि तो तिथंच खाली बसला. झुंबरबाई तिला हाका मारमारून सांगत होती, तू कशी मूठ धरायचीस, दूध कसं वाया गेलं, बांधावर तुला एकटी टाकून गाडी भरली गं. लंका स्वतःच्याच नावाचा आक्रोश ऐकत बसली होती. पण तिनं मिठी सोडली नाही.

आवाज आळीभर गेला. लंकाच्या नावानं कुणीतरी रडतंय हे ऐकून बायका हातातलं टाकून धावल्या. सगळ्यांत पुढं गोजरबाई, डोक्यावरचा पदर कुठं गेलाय तिला भान नाही, मागं पुष्पावती लेकीला छातीशी धरून. दारात येऊन बघतात तर लंका जिवंत, समोर बसलेली.

"आगं, मग गेलं कोन?" धापा टाकत गोजरबाईनं विचारलं.

"लंका गेली," लंकाबाई म्हणाली. "झुंबरीची पोरगी, थोरल्याच्या पाठची. बसा."

 पुष्पावती आधी बसली. मग एकेक करून बाकीच्या. गोजरबाई उंबऱ्यात बराच वेळ उभी होती. मग तिनं पदर डोक्यावर घेतला, आत आली आणि झुंबरबाईच्या पाठीवर हात ठेवून खाली बसली.